स्तनपान : कोकण किनारपट्टी

आईने बाळाला अंगावर पाजणे म्हणजे स्तनपान. जन्मानंतर तासाभरात सुरुवात, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा जास्त, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात अंगावर पाजण्याला कोणी नाके मुरडत नाही. अडचण येते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि नंतर आई कामाला लागली की.

पहिल्या दिवसांतले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. एका वेळी चमचाभरच येतो, पण त्यातली प्रतिपिंडे, विशेषतः इम्युनोग्लोब्युलिन ए, बाळाच्या आतड्याचे जंतूंपासून रक्षण करतात. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरांतही बाईचा चीक मात्र बाळाला पचणार नाही म्हणून पिळून टाकला जाई आणि त्याऐवजी मध किंवा घुटी चाटवत. मधात बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा घडवणारे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत तो देऊ नये. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे देशातले प्रमाण ४१.८ टक्केच भरले.

बाळाच्या फायद्यांत कोकणात पाण्याचा मुद्दा सर्वांत वजनदार. पावसाळ्यात विहिरी गढूळ होतात, आणि एवढ्या पावसाच्या मुलखात मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर येतो. पावडरचे दूध कालवायला, बाटली-बूच उकळायला स्वच्छ पाणी लागते. अंगावरच्या दुधाला लागत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग कमी होतात. या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे वैशाखाच्या उकाड्यातही सहा महिन्यांखालच्या बाळाला वरून पाणी पाजायची गरज नाही. उणीव आहे ती ‘ड’ जीवनसत्त्वाची. त्याचे थेंब डॉक्टर वेगळे देतात.

आईचा लाभ सहसा मागे पडतो. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. पाळी परतलेली नसेल, बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल आणि रात्रंदिवस फक्त अंगावर पीत असेल, तर पुन्हा दिवस राहण्याची शक्यता सुमारे दोन टक्केच. तिन्हींपैकी एक अट तुटली की हा भरवसा संपतो. ३० देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये निघालेल्या निष्कर्षानुसार, स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. अंडाशयाचा कर्करोग आणि मधुमेह यांचाही धोका कमी होतो.

दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला ओले खोबरे घातलेले अळिवाचे लाडू, डिंक, मेथी, पेज आणि मासे खाणाऱ्या घरांत मोरी, म्हणजे छोटा शार्क, देतात. हा आहार पौष्टिक खरा, पण दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार ओढल्याने. रात्रीचे पाजणे त्यात फार मोलाचे, कारण दूध तयार करवणारे संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त स्रवते. मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो, म्हणून मोरी खायचीच तर लहान आणि कधीतरी. ‘दूध पुरत नाही’ म्हणून घाईने पावडरच्या दुधाचा डबा आणण्यापूर्वी बाळाचे वजन आणि लघवी पाहावी. बाळ ठीक वाढत असेल तर डब्याची गरज नसते.

बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीची कथा याच मुलखातली. एसटी स्थानकांवरच्या स्तनपान कक्षांना तिचेच नाव आहे. मात्र मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांपुरती आणि कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनांपुरती आहे. पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला उभ्या राहणाऱ्या बाईला ती कोण देणार? घरी सासू किंवा जाऊ असेल तर दूध काढून ठेवता येते. ते २५ अंशांपर्यंत चार तास टिकते, कोकणातल्या दमट उन्हाळ्यात त्याहून कमी, म्हणून फ्रिज किंवा बर्फाची पेटी हवी.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दान केलेले दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून वापरतात. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली.