टेबलटॉप फँटसी गेमचे चित्रपट : चाहत्यांच्या अपेक्षा

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल, फासे आणि बोलण्याच्या जोरावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य खेळांवर चांगला चित्रपट निघावा, ही चाहत्यांची इच्छा जवळपास त्या खेळांइतकीच जुनी आहे. या नोंदीत मुख्यतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘डी अँड डी’चा, विचार केला आहे. हा खेळप्रकार त्यानेच रुजवला आणि पडद्यावर येण्याच्या खटपटीही त्याच्याच सर्वांत जास्त झाल्या.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथून प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. खेळणाऱ्यांपैकी एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. तो जगाचे वर्णन करतो आणि राक्षस, राजे, वाटसरू या सगळ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. काय करायचे ते खेळाडू सांगतो; जमले की नाही, ते फासा ठरवतो. आजच्या खेळात वीस बाजूंच्या फाशावर वीसचे दान पडले की सगळे टेबल ओरडते, आणि एक पडला की क्षणभर शांतता पसरते.

चित्रपटाची मूळ अडचण इथेच आहे. कादंबरीवरचा चित्रपट मूळ कथेशी ताडून पाहता येतो. या खेळाला ठरलेली कथाच नाही. त्याच्याकडे जग आहे, प्राणी आहेत, मंत्र आहेत आणि नियम आहेत. गोष्ट मात्र प्रत्येक टेबलावर वेगळी घडते आणि तिथेच राहते. त्यामुळे ‘मूळ कृतीशी प्रामाणिक राहा’ असे चाहता म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय हवे असते, हे समजून घ्यावे लागते. ओळखीचे राक्षस आणि ओळखीची शहरे तर हवीच असतात. पण खरी ओढ असते ती टेबलावरचा अनुभव पुन्हा मिळावा याची : मोठ्या हौसेने आखलेला बेत पहिल्याच पावलाला फिसकटतो, आणि एकमेकांशी सतत वाद घालणारी माणसे ऐनवेळी एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात.

पडद्यावरचे पहिले मोठे रूप कार्टूनचे होते. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९८३ ते १९८५ या काळात या मालिकेचे २७ भाग झाले. जत्रेतल्या पाळण्यासारख्या एका गाडीत बसलेली सहा मुले दुसऱ्याच जगात जाऊन पडतात आणि घरची वाट शोधत फिरतात, अशी तिची कल्पना. ती वाट त्यांना सापडण्याआधीच मालिका बंद झाली. ही हुरहुर एका पिढीने जपून ठेवली.

पुढचा अध्याय कडवट आहे. २००० साली कोर्टनी सॉलोमन दिग्दर्शित चित्रपट आला. जेरेमी आयर्न्ससारखा नट त्यात होता, पण जगभरातील कमाई सुमारे ३.४ कोटी डॉलरवर थांबली आणि चाहत्यांच्या पदरी निराशा पडली. कथेसाठी इझमेर नावाचे नवेच साम्राज्य रचले होते. खेळातली गाजलेली जगे बाजूला राहिली. त्याहून जास्त झोंबले ते बिहोल्डरचे. हा प्राणी म्हणजे अधांतरी तरंगणारा गोळा : मध्ये एक मोठा डोळा, वर दहा देठांवर दहा डोळे आणि प्रत्येक डोळ्यात वेगळी जादू. खेळात तो अतिशय बुद्धिमान आणि पराकोटीचा संशयी असतो. त्याच्याशी गाठ पडायची म्हणजे महिनोन्महिन्यांच्या मोहिमेचा कळस. चित्रपटात तो साधा पहारेकरी झाला आणि दूर भिरकावलेल्या दगडाच्या आवाजाने फसला. चित्र हुबेहूब असूनही प्राणी खोटा कसा वाटतो, ते या एका प्रसंगात दिसते. यानंतर २००५ आणि २०१२ मध्ये याच मालिकेचे कमी खर्चाचे दोन चित्रपट आले. फार थोड्यांनी त्यांची दखल घेतली.

दरम्यान खेळाची मालकी बदलली होती. मूळ प्रकाशक टीएसआर ही कंपनी १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, आणि १९९९ मध्ये ती कंपनी हॅस्ब्रोकडे गेली. चित्रपटाचे हक्क मात्र जुन्या कराराने सॉलोमनच्या स्वीटपी कंपनीकडे होते. नव्या चित्रपटाच्या घोषणा झाल्या तेव्हा २०१३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये तडजोडीने मिटले. तोपर्यंत चाहत्यांना वाट पाहण्यापलीकडे काही करता येण्यासारखे नव्हते.

‘ऑनर अमंग थीव्ह्ज’ हा चित्रपट मार्च २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली हे त्याचे दिग्दर्शक. कथा ‘फरगॉटन रेल्म्स’ या खेळातल्याच जगात घडते. त्यातला दगडी पुलाचा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. झेंक हा पॅलडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, पूल ओलांडण्याचे किचकट नियम समजावू लागतो : कोणत्या दगडावर पाय ठेवायचा आणि कोणत्या नाही. तेवढ्यात जादूगार सायमनचा पाय पहिल्या दगडावर पडलेला असतो. पूल कोसळतो. मग सोबत असलेली एक साधी दिसणारी काठी जादूची निघते आणि मार्ग सापडतो. खेळलेला माणूस हा प्रसंग लगेच ओळखतो. डंजन मास्टरने रात्र जागवून कोडे रचलेले असते, एका खेळाडूने ते न सोडवताच मोडलेले असते, आणि आता गोष्ट पुढे न्यायची म्हणून कुणाच्या तरी सामानातल्या वस्तूला अचानक मोल चढते. पडद्यावर फासा कुठेच दिसत नाही, तरी दान वाईट पडले हे कळते.

प्रेताला बोलते करण्याचा प्रसंगही असाच. या मंत्राने मृताला फक्त पाच प्रश्न विचारता येतात, हा खेळातला खराखुरा नियम आहे. पात्रे हे पाच प्रश्न वाया घालवतात. ‘हा प्रश्न धरला का?’ या अर्थाचे विचारणेही एक प्रश्न म्हणून मोजले जाते. नियमच इथे कथेला पुढे ढकलतो. माझ्या मते रूपांतराची सर्वांत भक्कम वाट हीच आहे. नियम समजावत बसण्याऐवजी त्याच्या कचाट्यात पात्रांना सापडू द्यावे. चित्रपटातल्या पात्रांसाठी प्रत्येक पेच जिवावरचा असतो, आणि हसू त्यातूनच फुटते. टेबलावरही नेमके असेच होते. त्यामुळे ‘गंभीर हवा की विनोदी’ या चाहत्यांमधल्या जुन्या वादाला या चित्रपटाने बरेचसे उत्तर दिले.

वाद तरीही झालेच. २०२२ च्या ट्रेलरमध्ये डोरिक ही ड्रुइड, म्हणजे रानाच्या शक्तींची उपासक, आउलबेअर होते. अस्वलाचे धड आणि घुबडाचे तोंड असलेला हा प्राणी. पण खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ड्रुइडला फक्त पशूचे रूप घेता येते आणि आउलबेअरची गणना पशूंत होत नाही. काहींनी हरकत घेतली. इतरांचे म्हणणे असे की असा हट्ट कुठल्याही टेबलावर झाला तर समंजस डंजन मास्टर ‘चालेल’ म्हणेल. मला दुसरी बाजू पटते. आउलबेअरचा जन्मच मुळी अशा मोकळेपणातून झाला : गायगॅक्स यांनी खेळात सोंगट्या म्हणून वापरायला स्वस्त प्लॅस्टिकच्या विचित्र खेळण्यांचा संच घेतला होता, त्यातल्या एका आकृतीवरून हा प्राणी सुचला.

याहून गंभीर रोष प्रदर्शनाच्या तोंडावर उसळला. जानेवारी २०२३ मध्ये खेळाच्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचा मसुदा बाहेर आला. या परवान्याच्या आधारे इतर लेखक आणि छोटे प्रकाशक वर्षानुवर्षे आपापली पुस्तके काढत होते. चित्रपटावर बहिष्कार घालण्याची भाषा सुरू झाली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. चाहते या खेळाला सामायिक मालमत्ता मानतात, हे त्या महिन्यात लख्ख दिसले. चित्रपटाची समीक्षकांनी वाखाणणी केली, पण सुमारे १५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने सुमारे २०.८ कोटी डॉलरच मिळवले. एवढ्यावर मोठा चित्रपट फायद्यात जात नाही.

खेळलेल्या डावालाच कथेचे रूप देण्याचा मार्ग याहून जुना आहे. जपानमध्ये १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात एका डी अँड डी गटाच्या डावांचे संवादरूप वृत्तांत छापले गेले. डंजन मास्टर होते र्‍यो मिझुनो. त्यातून कादंबऱ्या झाल्या आणि १९९० मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही १३ भागांची ॲनिमे मालिका निघाली. अमेरिकेत ‘क्रिटिकल रोल’ या, आपले डाव इंटरनेटवर दाखवणाऱ्या व्हॉइस अभिनेत्यांच्या गटाने २०१९ मध्ये आपल्या मोहिमेवर छोटी ॲनिमेशनपट्टी काढण्यासाठी चाहत्यांकडे ७.५ लाख डॉलर मागितले. ती रक्कम तासाभराच्या आत जमली. शेवटी आकडा १.१३ कोटींच्या घरात गेला आणि २०२२ मध्ये ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स मशिना’ ही मालिका ॲमेझॉनवर आली. इथे मूळ कथा होती, कारण हजारोंनी तो डाव खेळला जाताना पाहिला होता.

सध्या मोठ्या अपेक्षा ‘वॉरहॅमर ४०,०००’कडे लागल्या आहेत. रंगवलेल्या सोंगट्यांच्या फौजा टेबलावर लढवायचा हा खेळ विज्ञानकथेकडे झुकणारा असला तरी त्याची मुळे फँटसीत आहेत. ॲमेझॉनसोबतच्या पडद्यावरील रूपांतराच्या प्रकल्पात अभिनेते हेन्री कॅव्हिल आहेत, आणि ते स्वतः सोंगट्या रंगवतात ही गोष्ट चाहत्यांना फार धीर देते. आपल्यातलाच कुणीतरी तिथे बसलेला असावा, एवढीच त्यांची मागणी असते.

१९८३ च्या कार्टूनमधली ती सहा मुले २०२३ च्या चित्रपटात चक्रव्यूहातल्या जीवघेण्या स्पर्धेत ओझरती दिसतात : तेच पोशाख, तीच शस्त्रे. त्यांच्या अखेरच्या भागाची संहिता मायकल रीव्ह्ज यांनी लिहून ठेवली होती. ‘रेक्विएम’ हे तिचे नाव. ती कधी चित्रित झाली नाही. २००६ मध्ये मालिकेचा डीव्हीडी संच निघाला, तेव्हा तिचे ध्वनिनाट्य त्यात घातले गेले आणि मुले घराच्या दारापर्यंत पोहोचलेली निदान ऐकायला मिळाली.