२८ अंश, २४ तास: फॅटी ॲसिडवरून जिवाणू ओळखण्याची पार्श्वभूमी

पेशीतली फॅटी ॲसिड गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणाची वाफ लांब नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडून घटक वेगळे करण्याची पद्धत) मोजून जिवाणू ओळखता येतील, ही शक्यता १९६३ मध्ये शोधनिबंधातून मांडली गेली. पण तेव्हाच्या कॉलममध्ये जवळजवळची शिखरे, म्हणजे आलेखावर प्रत्येक घटकाची उमटणारी टोके, एकमेकांत मिसळत. १९७९ च्या सुमारास फ्यूज्ड सिलिकाचे केसासारखे बारीक कॉलम आले आणि आयसो, अँटिआयसो अशी, साखळीतल्या फांदीच्या जागेपुरतीच वेगळी असलेली, जुळी भावंडेही वेगळी दिसू लागली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर यंत्र, कॉम्प्युटर आणि नोंदींची लायब्ररी असा एकत्र संच विकायला आला.

या संचासोबत जो नियम आला, त्यावरून आजही वाद होतो: ट्रिप्टिक सोय ॲगर (जिवाणू वाढवण्याचे पोषक माध्यम), २८ अंश सेल्सिअस, २४ तास. जिवाणू आपले पेशीपटल, आणि त्यातली फॅटी ॲसिड, परिस्थितीनुसार बदलतो. थंडीत वाढला की असंतृप्त ॲसिड वाढतात. कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, शिळे झाले की त्यांतल्या काहींची सायक्लोप्रोपेन ॲसिड (साखळीत तीन कार्बनचे कडे असलेली) होतात. म्हणून प्लेटवर चार भागांत रेघा ओढून तिसऱ्या भागातलीच कोवळी वाढ लूपने खरवडायची, साधारण ४० मिलिग्रॅम. मग अल्कलीत उकळून साबण, ॲसिड-मिथेनॉलमध्ये मिथाइल एस्टर, शेवटी द्रावकात उतरवून धुणे. एवढे सांभाळले, तरच लायब्ररीशी ताडून मिळालेल्या साम्यांकाला अर्थ असतो.

या नियमामुळे हळू वाढणारे, समुद्रातले, हट्टी जिवाणू बाहेर राहिले, हा आक्षेप खरा आहे. रुग्णांकडून आलेल्या जिवाणूंसाठी ३५ अंशांवर रक्त-ॲगरची वेगळी लायब्ररी करावी लागली. तरीही माझ्या मते निर्णय योग्यच होता. सगळ्यांची वाढ एकसारखी नसती, तर एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या कामाचे राहिले नसते. ई. कोलाय आणि शिगेला या पद्धतीने वेगळे काढता येत नाहीत, पण तो दोष तापमानाचा नाही. मुळात ते दोघे फारच जवळचे आहेत.

पुढे १६एस जनुकाचा (जिवाणू ओळखायला वापरतात ते रायबोसोमचे जनुक) क्रम वाचणे सोपे झाले. मग मॅल्डी-टॉफ हे प्रथिनांचे वस्तुमान मोजून जिवाणू ओळखणारे तंत्र आले, आणि रुग्णालयांत काही मिनिटांत नाव कळू लागले. फॅटी ॲसिडची तपासणी आता मुख्यतः नव्या प्रजातीच्या वर्णनात दिसते, आणि तिथेच तो जुना नियम सर्रास मोडला जातो. आपल्या जिवाणूचे आकडे स्वतः काढायचे, शेजारच्या प्रजातींचे मात्र दुसऱ्याच्या निबंधातून उचलायचे. ते ३० अंशांवर वाढले होते की ३७, तीन दिवस की एक, हे तक्त्याखालच्या बारीक टिपेतही नसते. दोन्ही कल्चर एकाच दिवशी, एकाच माध्यमावर, शेजारी शेजारी वाढवायला लागतो तो जेमतेम एक आठवडा.