दूध आहे, पान्हा अडलाय

ऐरोलीहून भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. सिझेरियन होऊन चार दिवस झालेले. "मावशी, मला दूधच येत नाहीये गं. सगळे म्हणतायत, आता पावडरच्या दुधाचा डबा आणा." मागे बाळ रडत होतं आणि तिच्या सासूबाई कुणाला तरी मीठ-मोहरी आणायला सांगत होत्या. दृष्ट काढायची होती.

सकाळी ठाण्याहून पहिली वाशी लोकल पकडून गेले. पोरीची छाती दगडासारखी घट्ट झालेली, कातडी ताणून चकाकत होती, एका स्तनाग्राला चीर पडली होती. म्हणजे दूध होतं, चांगलं भरपूर होतं, पण बाहेर येत नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक समजला नाही की घरोघरी "हिला दूधच नाही" असा शिक्का बसतो.

आपल्या भाषेला मात्र हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हैस आटली असं म्हणणं वेगळं आणि म्हशीनं पान्हा चोरला असं म्हणणं वेगळं. पान्हा चोरलेल्या म्हशीच्या कासेत दूध असतंच, ती फक्त ते सोडत नाही. म्हणून गवळी आधी रेडकू लावतो, मग धार काढतो.

दूध बनवण्याचं काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं. बाळंतपणात वार पडली की गरोदरपणातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं आणि प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं. दूध 'चढायला' साधारण दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी थोडे जास्त. तोवर येतो तो चीक, थोडासाच पण रोगांशी लढणाऱ्या प्रतिपिंडांनी भरलेला. चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवणारी घरं मी आजही पाहते. तान्ह्या बाळाला मध घातकसुद्धा ठरू शकतो, कारण त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू जाऊ शकतात.

आता पान्ह्याकडे येते. जीवशास्त्र शिकवताना मी सगळ्यात जास्त रमते ती इथे. स्तनात द्राक्षांच्या घोसासारख्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, दूध त्यांत साठतं. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ही जाळी आवळली गेली तरच दूध नळ्यांमध्ये उतरतं. नाही आवळली, तर बाळानं कितीही ओढलं तरी जवळच्या नळ्यांतलं चमचाभर हाती लागतं. ही जाळी आवळतं ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक. नऊ अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू. रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी तो 1953मध्ये प्रयोगशाळेत बनवला आणि 1955चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

हा रेणू सुटतो कसा, ते पाहण्यासारखं आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या हजारो चेतापेशी असतात. एरवी त्या आपापल्या लयीत, विस्कळीतपणे संदेश देत असतात. बाळ ओढायला लागलं की स्तनाग्राच्या नसांतून, मज्जारज्जूमार्गे खबर वर जाते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की लगेच काहीच होत नाही. काही मिनिटं जातात आणि मग अचानक या पेशी एकाच क्षणी, काही सेकंदांपुरता संदेशांचा भडिमार करतात. एकाच वेळी कशा? तर ऑक्सिटोसिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात जातं, तसंच या पेशींच्या स्वतःच्या फांद्यांमधूनही थोडं झिरपतं आणि शेजारच्या पेशीला चेतवतं. ती पुढच्या पेशीला. टाळ्यांचा कडकडाट सभागृहात पसरावा तसं. त्या भडिमाराबरोबर पान्हा फुटतो. रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांत ओसरतं आणि पुढच्या पान्ह्याची तयारी सुरू होते.

ही व्यवस्था भीतीनं आणि वेदनेनं बंद पडते. 1941मध्ये अमेरिकेत इली आणि पीटरसन या संशोधकांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फोडल्या, आणि घाबरलेल्या गायीनं दूध आखडलं. घाबरल्यावर शरीरात सुटणारं अॅड्रेनॅलिन टोचल्यावरही तेच झालं. 1948मध्ये डॉक्टर मायकेल न्यूटन यांनी पत्नी नाइल्स यांच्यावरच प्रयोग केला. निवांत असताना बाळानं 168 ग्रॅम दूध घेतलं. आईचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून, वर भराभर गणितं विचारल्यावर 99 ग्रॅम. त्याच त्रासात ऑक्सिटोसिन टोचलं तर पुन्हा 153. म्हणजे दूध तिथेच होतं.

आता भाचीची खोली डोळ्यांसमोर आणा. टाक्यांची कळ, चिरलेलं स्तनाग्र, दारात चार पाहुण्या, "पुरतं का गं?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा. बाळ चुकीचं धरतं म्हणून चीर पडते, दुखतं म्हणून पान्हा अडतो, पान्हा अडतो म्हणून बाळ आणखी जोरात ओढतं. हे चक्र आम्ही बाळाच्या पकडीपाशी तोडलं. पाहुण्यांना बाहेर बसवलं. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखाली घेतलं. हातानं थोडं दूध काढून स्तनाग्राभोवतीचा काळा भाग मऊ केला. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर ठेवलं आणि त्यानं जांभई दिल्यासारखा मोठा आ करेपर्यंत थांबलो. मग हनुवटी आधी टेकवली, खालचा काळा भाग जास्त तोंडात जाईल अशी. पाचव्या प्रयत्नाला तिचा चेहरा सैलावला. बाळाचं भराभर चोखणं थांबून संथ, खोल घोट सुरू झाले. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं आपोआप दूध ठिबकायला लागलं.

गाठी झाल्या तर जोरानं चोळू नका. 2022च्या वैद्यकीय मार्गदर्शनानुसार त्यानं सूज वाढते. पाजून झाल्यावर थंड शेक द्या. ताप आला, छाती लाल होऊन दुखू लागली, तर डॉक्टर गाठा. पाजणं बंद करायची सहसा गरज नसते.

घाईनं आणलेल्या डब्याचा तोटा असा की स्तन भरलेला राहिला तर तो दूध बनवणं कमी करतो. तशी यंत्रणा स्तनातच आहे. दूध पुरतंय का, हे रडण्यावरून नाही, लंगोटांवरून ओळखा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले हवेत. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत ते भरून यायला हवं. दहा टक्क्यांवर घट झाली, बाळ सुस्त वाटलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्याच. काही आयांना थायरॉइड किंवा इतर कारणांनी खरोखर दूध कमी असतं. त्यांना डबा लागला तर त्यात अपराध कसला? दूध वाढवण्याच्या नावानं खपणाऱ्या महागड्या भुकट्यांवर मात्र पैसे घालवू नका, त्यांचे पुरावे फार तोकडे आहेत. अळिवाचे लाडू खुशाल खा, बाळंतिणीला लोह हवंच असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसतात, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त 41.8 टक्के. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989मध्ये इथे जवळच, सायनच्या रुग्णालयात सुरू झाली, तरीही ही अवस्था आहे. पकड दाखवायला प्रत्येक खाटेपाशी एक जाणती बाई अर्धा तास बसली, तर हे चित्र बदलेल असं मला मनापासून वाटतं.

तीन महिन्यांनी भाची पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली, ठाण्याला माझ्याकडे यायला. बाळ सासूबाईंपाशी. परत निघाली तेव्हा स्टेशनपर्यंत सोडायला गेले. लेडीज डब्यात कुणाचं तरी तान्हं ओरडलं आणि हिनं चटकन दोन्ही हात छातीशी घट्ट धरले. गाडी अजून सुटायची होती. खिडकीतून मला म्हणाली, "मावशी, ओढणी भिजली गं."