डोळ्याची रोबोट सर्जरी शिकायचीय? फॉर्म, पात्रता आणि कागदांची भानगड

कणकवलीकडच्या दोन ज्युनियर्सनी एकाच आठवड्यात विचारलं, मॅडम रोबोटने डोळ्याचं ऑपरेशन शिकायला अर्ज कुठे करायचा, म्हणून एकदाच लिहून टाकते.

त्याची वेगळी डिग्री आपल्याकडे नाहीये. आधी एमएस किंवा डीएनबी ऑप्थॅल्मॉलॉजी, म्हणजे एमबीबीएसनंतरची डोळ्यांची डिग्री, मग रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची फेलोशिप, रोबोट सगळ्यात शेवटी. 2016 मध्ये ऑक्सफर्डला पहिल्यांदा रोबोटने डोळ्याच्या आत ऑपरेशन झालं, पडद्यावरचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पापुद्रा काढला, पण जॉयस्टिक सर्जनच्याच हातात होती. मशीन फक्त हाताची हालचाल बारीक करतं आणि कंप गाळतं. पापुद्रा कुठे धरायचा हे ज्याला कळत नाही त्याला रोबोट काय कप्पाळ शिकवणार?

म्हणून अर्ज करायचा तो रेटिनाच्या फेलोशिपला, त्याचे दोन रस्ते. एक एनबीईएमएस या राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाची एफएनबी विट्रिओ-रेटिनल सर्जरी ही फेलोशिप, दोन वर्षांची, एमएस/डीएनबी झालेल्यांना, त्याला फेलोशिपची एंट्रन्स द्यायची आणि मग मेरिटवर ऑनलाइन काउन्सेलिंग. दुसरा म्हणजे मोठी डोळ्यांची हॉस्पिटलं, मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, यांचे फॉर्म स्वतःचे, तारखा स्वतःच्या, वेबसाइटवर नजर ठेवायची बस.

आता कागद, आणि इथेच सगळे अडकतात. एमबीबीएस आणि एमएसची सर्टिफिकेटं, मार्कशीट, इंटर्नशिप कम्प्लिशन, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. ते चालू आहे का ते आधी बघा, दर पाच वर्षांनी रिन्यू होतं आणि सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचे पॉइंट लागतात. पीजीची, म्हणजे एमएस-डीएनबीची नोंद वेगळी करावी लागते, ती बरेच जण करतच नाहीत. सरकारी नोकरीत असाल तर खात्याची एनओसी, आणि ती फाइल टेबलावरून टेबलावर फिरते, तेव्हा फेलोशिपचे फॉर्म सुटायच्या आधीच एनओसीचा अर्ज टाका. ऑपरेशनची लॉगबुक एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) सहीशिक्क्यासकट ठेवा.

नावाचं सांगते. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एका ठिकाणी फॉर्म तेवढ्यावरून परत आला आणि ते वर्षच गेलं. लग्नाचं सर्टिफिकेट आणि ॲफिडेव्हिट जोडलं होतं, त्यांना सरकारी गॅझेटमध्ये छापलेला नावबदल हवा होता. मुलींनो, गॅझेट आधीच करून ठेवा.

ऑपरेशनचा हात बसवायला सिम्युलेटर असतो, तो म्हणजे काय ते विचारतात. पुतळ्याचं डोकं, त्यात खोटा डोळा, वर मायक्रोस्कोप, खाली पायाचे पेडल. चिमटा आत घातला की स्क्रीनवर दिसतो आणि हात किती थरथरला, लेन्सला कुठे ढोसलं, किती वेळ लागला सगळ्याचे मार्क कापले जातात. आम्ही खाटकाकडून बोकडाचे डोळे आणून शिकलो, डबा फ्रीजमध्ये ठेवला म्हणून सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. पण बोकडाचा डोळा मार्क देत नाही. इंग्लंडात ज्युनियर सर्जन सिम्युलेटरवर शिकायला लागल्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनात लेन्सची मागची पातळ पिशवी (कॅप्सूल) फाटायचं प्रमाण 4.2 टक्क्यांवरून 2.6 वर आलं. फेलोशिपच्या आधी हात बसवायचा तर मुंबईत हेल्पमीसी या संस्थेचं सेंटर आहे, तिथे छोट्या छेदाचं मोतीबिंदू ऑपरेशन सिम्युलेटरवर शिकवतात, आपल्याकडे कॅम्पला तेच जास्त होतं.

अशा ट्रेनिंगला जायची सुट्टी एप्रिल-मेमध्ये टाका. तेव्हा पेशंटच "आंबो सरूंदे, मगे बघूया" म्हणतात, ओपीडी रिकामी. जूननंतर जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल बघून तिकीट काढा, आणि फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका, पहिल्याच सरीला इथे लाइट आणि नेट दोन्ही जातात.