गॉडफादर चित्रपटमालिका : पात्रनिवड

मारिओ पुझो यांच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेल्या गॉडफादर मालिकेतील तीन अमेरिकन चित्रपटांसाठी (१९७२, १९७४ व १९९०) झालेली नटनटींची निवड. तिन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि निर्मितीसंस्था पॅरामाउंट. पहिल्या चित्रपटाचे निर्माते अल्बर्ट रडी होते आणि पात्रनिवडीचे काम फ्रेड रूस, आंद्रेआ ईस्टमन व लुई डिजाइमो यांच्याकडे होते.

या निवडीविषयीची बहुतेक माहिती संबंधितांच्या आठवणींतून आलेली आहे आणि त्यांतील बऱ्याच आठवणी चित्रपट गाजल्यावर कित्येक वर्षांनी सांगितल्या गेल्या आहेत. पॅरामाउंटचे निर्मितीप्रमुख रॉबर्ट इव्हान्स यांचे आत्मचरित्र १९९४ मधले असून कपोला यांचे कथन मुलाखतींतून हळूहळू आकाराला आले. पुझो यांनी मात्र आपली हकिकत १९७२ मध्येच लिहून ठेवली. त्यामुळे जेथे ही कथने एकमेकांशी जुळत नाहीत तेथे पत्रे, करार आणि चाचणीच्या फिती यांना, व त्याखालोखाल पुझो यांच्या लिखाणाला, अधिक वजन देणे योग्य ठरते.

माफियाविषयक एक चित्रपट पॅरामाउंटने १९६८ मध्ये काढला होता व तो चालला नव्हता. त्यात इटालियन वंशाची माणसे नावापुरतीच असल्यामुळे तो खोटा वाटला, असे निदान इव्हान्स यांनी केले आणि म्हणूनच इटालियन-अमेरिकन दिग्दर्शक निवडण्याचा आग्रह धरला. मात्र नटांची वेळ आली तेव्हा हाच निकष संस्थेने बाजूला ठेवला व नावाजलेल्या ताऱ्यांची मागणी केली. पुढचे जवळजवळ सगळे वाद या विसंगतीतून उद्भवले.

माफिया कुटुंबाचा प्रमुख व्हिटो कॉर्लिओने याच्या भूमिकेसाठी लॉरेन्स ऑलिव्हिए, अर्नेस्ट बोर्गनाइन आदींची नावे चर्चेत होती. ऑलिव्हिए त्या काळात आजारी होते. मार्लन ब्रँडो यांचे नाव प्रथम कोणी सुचवले याबद्दल एकाहून अधिक दावे आहेत. परंतु पुझो यांनी जानेवारी १९७० मध्ये ब्रँडो यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे व ही भूमिका करू शकेल असे नट आपणच, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. पुझो यांच्याच सांगण्यानुसार, एखाद्या खमक्या दिग्दर्शकाने हट्ट धरल्याशिवाय संस्था आपल्याला घेणार नाही, असे उत्तर ब्रँडो यांनी दिले. कपोला त्या वेळी चित्रात आलेले नव्हते. त्यामुळे मूळ कल्पना पुझो यांची आणि ती तडीस नेली कपोला यांनी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

साठच्या दशकात ब्रँडो यांचे अनेक चित्रपट पडले होते आणि चित्रीकरण रखडवणारे नट अशी त्यांची ख्याती झाली होती. संस्थेचे अध्यक्ष स्टॅन्ली जॅफी यांनी त्यांना घेण्यास साफ नकार दिला. कपोला यांनी पिच्छा पुरवल्यावर तीन अटी घालण्यात आल्या : मानधन अगदी कमी घ्यावे, चित्रीकरणात खोळंबा होणार नाही याची आर्थिक हमी द्यावी आणि पडदा-चाचणी (कॅमेऱ्यासमोर भूमिकेचा नमुना) द्यावी. तिसरी अट सर्वांत अवघड होती, कारण त्या दर्जाच्या नटाकडे चाचणी मागणे हा त्याचा अवमानच मानला जाई. कपोला यांनी चाचणी हा शब्दच टाळला आणि रंगभूषेचे काही प्रयोग करून पाहू, एवढेच सांगून ते व्हिडिओ कॅमेरा घेऊन लॉस एंजेलिस येथील मलहॉलंड ड्राइव्हवरच्या ब्रँडो यांच्या घरी गेले. ब्रँडो झोपेतून उठून किमोनोत बाहेर आले. त्यांचे सोनेरी केस लांब वाढलेले होते. ते त्यांनी मागे वळवून बांधले, बुटाचे काळे पॉलिश लावून गडद केले, सदऱ्याची कॉलर चुरगाळली आणि हा माणूस बुलडॉगसारखा दिसायला हवा असे म्हणत गालांत कागदी रुमालाचे बोळे कोंबले. मध्येच फोन वाजला तेव्हा त्यांनी तो उचलला आणि त्याच भूमिकेत राहून ते काहीतरी पुटपुटले. ही फीत कपोला यांनी न्यूयॉर्कला नेऊन पॅरामाउंटच्या मालक कंपनीचे प्रमुख चार्ल्स ब्लूडॉर्न यांना दाखवली आणि तिने विरोध मावळला. पुढे संपूर्ण चित्रपटात ब्रँडो यांच्या गालांत कापूस होता अशी समजूत रूढ झाली. ती चुकीची आहे. प्रत्यक्ष चित्रीकरणात दातांवर बसवण्याची खास पट्टी वापरली गेली, ती न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ द मूव्हिंग इमेज या संग्रहालयात पाहायला मिळते. रंगभूषा डिक स्मिथ यांची होती. त्या वेळी ब्रँडो यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे स्मिथ यांच्या कामाचे मोल कळते.

व्हिटोचा धाकटा मुलगा मायकेल याच्या भूमिकेचा पेच त्याहूनही दीर्घकाळ चालला. संस्थेच्या मनात रॉबर्ट रेडफर्ड व रायन ओनील होते; वॉरन बेटी व जॅक निकल्सन यांनी नकार दिला; मार्टिन शीन यांची चाचणी झाली. कपोला यांना प्रथमपासून अल पचिनो हवे होते. पचिनो यांना १९६९ मध्ये रंगभूमीवरील कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला असला, तरी चित्रपटप्रेक्षकांना ते अपरिचित होते आणि त्यांच्या ठेंगण्या बांध्यावर इव्हान्स यांचा उघड आक्षेप होता. कपोला यांनी पचिनो, जेम्स कान, रॉबर्ट डुव्हॉल व डायान कीटन यांना सॅन फ्रान्सिस्कोला बोलावून अगदी अल्प खर्चात स्वतः चाचण्या घेतल्या होत्या. संस्थेने मोठा पैसा ओतून पुन्हा चाचण्या घेतल्या आणि अखेरीस जवळपास हेच नट निश्चित झाले.

मध्यंतरी मायकेल म्हणून कान आणि त्याचा थोरला भाऊ सनी म्हणून धिप्पाड बांध्याचे कार्माइन कारिडी अशी जोडी ठरली होती. कान यांना सनीची भूमिका देणार असाल तरच पचिनो मान्य, अशी तडजोड आपण केली, असे इव्हान्स सांगतात. कपोला यांच्या कथनात इव्हान्स यांचा वाटा बराच लहान आहे. या एका मुद्द्यावर इव्हान्स यांचे म्हणणे संभाव्य वाटते, कारण कारिडी यांच्या हातून भूमिका गेली ती पचिनो निश्चित झाल्यानंतरच. कारिडी यांना पुढच्या दोन्ही चित्रपटांत दोन वेगवेगळी, दुय्यम पात्रे मिळाली.

पचिनो त्या वेळी एमजीएम या दुसऱ्या निर्मितीसंस्थेच्या एका चित्रपटासाठी करारबद्ध होते. तेथून त्यांची सुटका झाल्यावर ती जागा रॉबर्ट डी नीरो यांनी घेतली. डी नीरो यांनी सनीसाठी चाचणी दिली होती व त्यांना व्हिटोच्या टोळीतील पॉली गॅटोची छोटी भूमिका मिळालेली होती. ती सोडून ते गेले. चित्रीकरण मार्च १९७१ मध्ये सुरू झाल्यावरही पचिनो यांना काढण्याची भाषा चालू होती. मायकेल उपाहारगृहात दोघांची हत्या करतो तो प्रसंग कपोला यांनी मुद्दाम लवकर चित्रित केला व तो पाहून संस्थेचे समाधान झाले. बंदूक काढण्याच्या आधी पचिनो यांचे डोळे ज्या अस्वस्थपणे इकडून तिकडे फिरतात, तेवढ्यावरही या निवडीचे समर्थन करता येईल.

इतर निवडींपैकी मायकेलचा भाऊ फ्रेडो याच्यासाठी जॉन कझाल यांना रूस यांनी न्यूयॉर्कच्या एका नाटकात पाहून हेरले. व्हिटोची मुलगी कॉनी हिची भूमिका कपोला यांची बहीण टालिया शायर यांना मिळाली. ती या पात्रासाठी जास्तच देखणी आहे, असे कपोला यांचे आरंभीचे मत होते. व्हिटोचा हस्तक लूका ब्राझी झालेले लेनी मोंटाना हे माजी कुस्तीगीर होते. ब्रँडो यांच्यासमोर त्यांची वाक्ये अडखळू लागली. कपोला यांनी ते अडखळणे काढून टाकले नाही. उलट लूका लग्नमंडपात बसून आपले वाक्य घोकतो आहे, असे एक दृश्य आधी जोडले आणि नटाची धास्ती पात्राची केली.

दुसऱ्या भागासाठी तरुण व्हिटोची भूमिका डी नीरो यांना देण्यात आली व तिच्यासाठी त्यांनी सिसिलियन बोली आत्मसात केली. एकाच पात्रासाठी दोन नटांना ऑस्कर मिळण्याची ही पहिलीच वेळ होय. ब्रँडो यांनी आपला पुरस्कार १९७३ मध्ये नाकारला होता. अखेरच्या पूर्वस्मृतीच्या प्रसंगात ब्रँडो येणार होते, परंतु संस्थेवरील नाराजीमुळे ते आले नाहीत. आता त्या दृश्यात व्हिटो दिसत नाही. कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती त्याची वाट पाहते. मायकेलचा प्रतिस्पर्धी हायमन रॉथ याच्या भूमिकेसाठी अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांचे नाव पचिनो यांनी सुचवले.

पहिल्या भागात व्हिटोचा साथीदार क्लेमेंझा झालेले रिचर्ड कास्टेलानो दुसऱ्या भागात का नाहीत, याबद्दल मतभेद आहेत. आपले संवाद आपल्या मर्जीतील व्यक्तीने लिहावेत अशी त्यांची मागणी होती, असे कपोला सांगतात. त्यांच्या पत्नीने हे नाकारले असून, क्लेमेंझा सरकारी साक्षीदार होतो हे कथानकच त्यांना पटले नव्हते, असे तिचे म्हणणे आहे. दोन्ही कथने पक्षकारांचीच असल्याने निर्णय देणे कठीण आहे. तथापि क्लेमेंझाचा सारा भाग मायकेल गॅझो यांनी केलेल्या फ्रँक पेंटँजेली या नव्या पात्राकडे गेला, ही गोष्ट दुसऱ्या कथनाशीही विसंगत नाही. तरुण क्लेमेंझा ब्रूनो कर्बी यांनी केला.

तिसऱ्या भागात डुव्हॉल नाहीत, कारण पचिनो यांच्या मानाने देऊ केलेले मानधन त्यांना अपमानास्पद वाटले. मायकेलची मुलगी मेरी हिच्यासाठी निवडलेल्या विनोना रायडर यांनी रोममध्ये चित्रीकरण चालू असताना थकव्यामुळे माघार घेतली आणि कपोला यांनी आपली कन्या सोफिया हिला उभे केले. पहिल्या भागातील बाप्तिस्म्याच्या प्रसंगातले तान्हे मूल तीच होती. समीक्षकांनी तिच्यावर अत्यंत कठोर टीका केली. ऐन वेळी उभे राहिलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला ती प्रमाणाबाहेर आली, असे म्हणावे लागेल.

या मालिकेवर बेतलेल्या हिंदी चित्रपटांपैकी धर्मात्मा (१९७५) मध्ये वडिलांची भूमिका प्रेमनाथ यांनी व मुलाची फिरोज खान यांनी केली. सरकार (२००५) या चित्रपटात कथानक मुंबईतील नागरे कुटुंबात आणले असून, पिता-पुत्रांच्या भूमिका अमिताभ व अभिषेक बच्चन या प्रत्यक्ष पिता-पुत्रांनी केल्या आहेत.