उद्यानांतील कार्यक्रमांचे ध्वनिनियमन (पुणे)

सार्वजनिक बागेतील मैफल, व्याख्यान, दिवाळी पहाट किंवा स्नेहमेळाव्याचा आवाज हद्दीबाहेर किती जावा व तो केव्हा थांबावा याचे नियम, आणि ते पाळता यावेत म्हणून करायची ध्वनिव्यवस्था. पुण्यात संभाजी उद्यान, सारसबाग, कमला नेहरू उद्यान या बागा भर वस्तीत आहेत. कुंपण संपले की रस्ता आणि रस्त्यापलीकडे लोकांच्या खिडक्या, त्यामुळे इथे चूक लगेच कुणाच्या तरी झोपेवर येते.

आधार आहे तो पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खालील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांचा. निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी क्षेत्राची 65 आणि 55, तर शांतता क्षेत्राची 50 आणि 40. हे आकडे ‘ए’ भारांकनाचे (कानाप्रमाणे खर्जाला कमी वजन देणाऱ्या मापनाचे) आणि ठरावीक काळातील सरासरी ऊर्जेचे आहेत. क्षणभर वाजलेल्या टाळीचे नव्हेत. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावल्यास त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ते चालते. म्हणजे निवासी भागातील बागेच्या कुंपणाशी दिवसा 65. अनेक आयोजक 75 हाच आकडा सर्वत्र धरतात आणि तिथेच फसतात. जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात ध्वनिवर्धक लावताच येत नाही. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून 100 मीटरचा पट्टा त्यासाठी पाहावा लागतो. बागेची जागा महापालिका देते, ध्वनिवर्धकाची लेखी परवानगी पोलिसांकडून घ्यायची असते. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे होत नाही.

नियमांतील रात्र 10 ते सकाळी 6 अशी आहे. या काळात उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि 2010च्या दुरुस्तीपासून वाद्येही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सवलत देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. सवलत वेळेची असते, आवाजाच्या पातळीची नसते. ती पहाटेलाही लागू नाही, हे दिवाळी पहाटेच्या आयोजकांनी नीट लक्षात घ्यावे: साडेपाचला तानपुरा ध्वनिवर्धकावर लागला तर नियमाच्या भाषेत ती रात्रच. दिवाळीच्या दिवसांत पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो, म्हणून सहाला सुरू केलेला कार्यक्रमही अंधारातच सुरू होतो आणि पहाटेचा गोडवा जात नाही. माईकची चाचणी मात्र आदल्या संध्याकाळी उरकावी. या वेळापत्रकाची किंमत संगीताने मोजली आहे. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगत असे. आता खुल्या मंडपात उत्तररात्रीचे राग ऐकायला मिळत नाहीत. ही हानी खरी आहे, पण शेजारच्या घरातील आजारी माणसाला ‘आवाज बंद’ म्हणण्याची दुसरी सोय नसते.

आवाज हद्दीत राहील की नाही, हे मिक्सरच्या बटणापेक्षा मांडव घालतानाच ठरते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. मंचापासून 40 मीटरवर कुंपण असेल आणि तिथे 65 हवे असतील, तर स्पीकरपासून 1 मीटरवर 97 पेक्षा जास्त देता येत नाही. मग 30 मीटरवरच्या शेवटच्या रांगेला जेमतेम 67 मिळतात. बाहेर रहदारी असेल तर तेवढ्यात शब्द कळत नाहीत, मागून ‘आवाज वाढवा’ अशी हाक येते, साउंडवाला 5 डेसिबल वाढवतो आणि मर्यादा मोडते. उपाय म्हणजे मंचावरचे मोठे कॉलम (उभे स्पीकर) कमी करून श्रोत्यांमध्ये दर 8-10 मीटरवर छोटे स्पीकर लावणे. ते डोक्याच्या वर बांधून खाली झुकवावेत आणि प्रत्येक जोडीला अंतराप्रमाणे विलंब द्यावा. 20 मीटरला सुमारे 58 मिलिसेकंद. विलंब चुकला तर तबल्याची थाप दोनदा ऐकू येते. शक्य तिथे मंच घरांच्या बाजूला ठेवून स्पीकरची तोंडे बागेच्या आत वळवावीत.

झाडांवर भिस्त ठेवू नये. दाट झाडीचा 50 मीटर पट्टासुद्धा मधल्या स्वरांत 3 डेसिबलच्या आसपासच कमी करतो, खर्जात त्याहून कमी. खर्जाचा दुसरा घोळ मापनात आहे: ‘ए’ भारांकन 63 हर्ट्‌झला सुमारे 26 डेसिबल वजा करते. ध्वनिमापक मीटर 64 दाखवत असताना समोरच्या घराच्या काचा थरथरतात त्या यामुळे. मोठे बेस (खर्जाचे स्पीकर) असतील तर खर्ज फारसा न वगळणारे ‘सी’ भारांकनही नोंदवावे, आणि दोन्हींतील फरक 15-20 डेसिबलच्या पुढे गेला की बेस उतरवावा. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, आवाज वर न जाता खाली वाकतो आणि दूरच्या सोसायटीतही स्पष्ट पोचतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारच्या चाचणीवर संध्याकाळचा भरवसा ठेवू नये.

मोजताना मीटर आधी 94 डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर (ठरलेल्या पातळीचा आवाज देणाऱ्या उपकरणावर) तपासावा, माईकवर फोमची टोपी घालावी, उंची 1.2 ते 1.5 मीटर ठेवावी आणि भिंतीपासून दूर उभे राहावे. कार्यक्रमाआधीची पार्श्वभूमी (परिसरातील इतर आवाज) त्याच जागी नोंदवणे अत्यावश्यक आहे. एकूण 68 आणि पार्श्वभूमी 63 असेल, तर कार्यक्रमाचा वाटा सुमारे 66 निघतो. फरक 3 पेक्षा कमी असेल तर वाजवी निष्कर्ष काढता येत नाही. मोबाइलमधील ॲप अंदाजापुरते ठीक, पुरावा म्हणून नव्हे.

तक्रार 112 वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. वेळ, जागा आणि आवाज कुठल्या दिशेने येतो हे सांगितले तर पोलिसांना योग्य हद्दीवर मापन घेता येते. आयोजकांनीही दर 15 मिनिटांची नोंद, मीटरचा क्रमांक आणि कुंपणावरचे मापनबिंदू लिहून ठेवावेत, आणि मीटर पाहणाऱ्या माणसाला मिक्सरवरचा आवाज थेट उतरवण्याचा अधिकार आधीच द्यावा.