जन्मजात आनुवंशिक अंतःस्तर-अपविकास

स्वच्छमंडलाच्या (कॉर्नियाच्या) सर्वांत आतल्या पेशीस्तराचे कार्य जन्मापासूनच बिघडलेले असल्याने दोन्ही डोळ्यांची स्वच्छमंडले सुजून दुधी होणारा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार. नेत्रवैद्यकात तो इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘चेड’ या नावानेही ओळखला जातो. रक्ताच्या नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत तो तुलनेने अधिक आढळतो. सौदी अरेबिया आणि दक्षिण भारत येथून रुग्णांची बरीच वर्णने प्रसिद्ध झाली आहेत.

निरोगी स्वच्छमंडलाची मध्यभागी जाडी सु. ०.५४ मिमी. असते. त्याच्या मुख्य थरातील कोलॅजन तंतू ठरावीक अंतराने रचलेले असल्यामुळे प्रकाश न विखुरता आरपार जातो. या थराची ओढ मात्र सतत पाणी शोषून घेण्याकडे असते. आतल्या बाजूचा एका पेशीच्या जाडीचा अंतःस्तर आयन वाहून नेऊन हे पाणी बाहेर काढत राहतो. माणसात या पेशींचे जन्मानंतर विभाजन जवळजवळ होत नाही, त्यामुळे झालेली हानी भरून निघत नाही. चेडमध्ये या पेशी कमी, विरूप किंवा अजिबात नसलेल्या आढळतात आणि स्वच्छमंडल नेहमीच्या दुप्पट-तिप्पट जाड होते.

स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासण्याच्या प्रकाशझोताच्या सूक्ष्मदर्शकाखाली) घासलेल्या काचेसारखी निळसर-करडी धूसरता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेली दिसते. स्वच्छ राहिलेली पट्टी अशी कुठे उरत नाही. डोळे बहुधा लाल नसतात. नजर कुठेच नीट स्थिरावत नसल्याने ते झोके घेतल्यासारखे हलत राहतात. पाणी गळणे आणि प्रकाश सहन न होणे ही लक्षणे सहसा नसतात. मूल उजेडाकडे तोंड करून शांतपणे पाहते, आणि तपासणाऱ्यासाठी ही बारीकशी खूण फार मोलाची असते. जन्मजात काचबिंदूतही स्वच्छमंडल धूसर होते. पण तेथे मूल उजेडाने डोळे मिटून घेते, स्वच्छमंडलाचा व्यास वाढतो आणि डेसमेट पटलाला (अंतःस्तराला लागून असलेल्या पातळ पटलाला) चिरा पडतात. सुजलेल्या, जाड स्वच्छमंडलावर मोजलेला नेत्रदाब वास्तवापेक्षा जास्त भरू शकतो. केवळ त्या आकड्यावर विसंबून काचबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यास बाळाच्या वाट्याला एक अनावश्यक भूल आणि एक अनावश्यक जखम येते. म्हणून व्यास व जाडी मोजल्याशिवाय निदान करू नये. दोन्ही विकार एकाच डोळ्यात असल्याचीही उदाहरणे आहेत, हेही विसरता येत नाही. प्रसूतीच्या वेळी चिमट्याने झालेली इजा, म्यूकोपॉलिसॅकराइडांचे संचयविकार आणि गर्भावस्थेतील रुबेला संसर्ग यांचाही विचार करावा लागतो.

विकाराचे मूळ अंतःस्तरात आहे, हे मत ए. एडवर्ड मॉमिनी यांनी १९६० मध्ये मांडले. डेसमेट पटलाच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासाने त्याला बळकटी मिळाली. या पटलाचा गर्भावस्थेत तयार होणारा पट्टेदार भाग बहुधा प्राकृत असतो. त्यामागचा, नंतर साचणारा भाग जाड व विस्कळीत असतो. यावरून पेशी आरंभी ठीक असाव्यात आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात किंवा जन्माच्या सुमारास निकामी होत असाव्यात, असे अनुमान काढतात.

वर्गीकरणाचा प्रश्न बराच काळ गुंतागुंतीचा होता. विकाराचे दोन प्रकार मानले जात : पहिला प्रभावी वारशाचा, जन्मानंतर हळूहळू वाढणारा, पाणी गळणे व प्रकाशभीती असलेला; दुसरा अप्रभावी वारशाचा, जन्मतः असणारा व बहुतांशी स्थिर. दोहोंची जनुके विसाव्या गुणसूत्रावरच, पण वेगळ्या ठिकाणी असल्याचे १९९० च्या दशकात दिसून आले. अप्रभावी प्रकार एसएलसी४ए११ या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे होतो, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. प्रभावी प्रकाराची जी मोजकी घराणी वर्णिलेली होती, त्यांची लक्षणे पश्च बहुरूपी अपविकास या अंतःस्तराच्या दुसऱ्या आनुवंशिक विकाराशी मिळतीजुळती होती. स्वच्छमंडल-अपविकासांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने २०१५ मध्ये तो प्रकार वगळून त्याची पश्च बहुरूपी अपविकासात गणना केली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांत ओव्हीओएल२ जनुकाच्या प्रवर्तक (जनुकाचे कार्य सुरू करणाऱ्या) भागातील बदल सापडले. जुन्या ग्रंथांत द्विविध विभागणी अजून आढळते. तथापि चेड म्हणजे अप्रभावी विकारच, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते.

एसएलसी४ए११ जनुकापासून बनणारे प्रथिन नेमके काय वाहून नेते, याबद्दल एकमत नाही. २००४ मध्ये त्याला सोडियम-बोरेट वाहक म्हटले गेले. पुढे अनेक प्रयोगशाळांना बोरेटचे वहन दाखवता आले नाही. काहींना ते पाणी जाऊ देते असे आढळले, तर काहींना अमोनिया व प्रोटॉन यांचे वहन दिसले. अंतःस्तराच्या पेशी ग्लुटामिन हे इंधन वापरतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. प्रथिन सदोष असल्यास तंतुकणिकांवर (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांवर) ऑक्सिडीकरणाचा ताण येऊन पेशी मरतात, ही उपपत्ती उंदरांवरील प्रयोगांशी चांगली जुळते. पेशी डेसमेट पटलाला धरून ठेवण्यातही या प्रथिनाचा वाटा असावा, असे एक मत आहे. बऱ्याच उत्परिवर्तनांत प्रथिनाची घडी चुकते आणि ते पेशीपटलापर्यंत पोहोचतच नाही.

आई-वडील दोघेही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असल्यास प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकांची दृष्टी सामान्य असते. मात्र त्यांच्यापैकी काहींना उतारवयात फुक्स अपविकास (अंतःस्तराच्या पेशी हळूहळू कमी होण्याचा विकार) होत असावा.

५ टक्के सोडियम क्लोराइडच्या थेंबांनी किंवा मलमाने सूज थोडी कमी होते, पण तेवढ्याने भागत नाही. पूर्वी संपूर्ण जाडीचे स्वच्छमंडलरोपण हाच पर्याय होता. लहान मुलांत टाके लवकर सैल होतात आणि कलम नाकारले जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून शस्त्रक्रिया लांबवावी असे काहींचे मत. उशीर झाल्यास मेंदूतील दृष्टीची घडण अपुरी राहते, म्हणून ती लवकर करावी असे इतरांचे. अलीकडे दात्याच्या अंतःस्तराची पातळ चकती लहान छेदातून आत सरकवून हवेच्या बुडबुड्याने मागून चिकटवतात. डोळा बंदिस्त राहत असल्याने हा मार्ग मुलांसाठी अधिक सुरक्षित वाटतो. धूसरतेमुळे आतले नीट दिसत नाही, त्यामुळे काही शल्यविशारद रुग्णाचे मूळ डेसमेट पटल न सोलता तसेच ठेवतात. बुडबुडा वर टेकून राहावा यासाठी बाळाला काही काळ उताणे ठेवावे लागते. सूज काही आठवड्यांत उतरू लागते. मोठ्या वयात शस्त्रक्रिया झाल्यास थोडी धूसरता कायम राहू शकते. शस्त्रक्रियेनंतर चष्मा आणि मंद डोळ्याचे उपचार अनेक वर्षे चालू ठेवावे लागतात.

एसएलसी४ए११ जनुकातील उत्परिवर्तनांमुळे स्वच्छमंडलाच्या विकाराबरोबर बहिरेपणही येते, तेव्हा त्यास हार्बोयान संलक्षण म्हणतात. त्याचे वर्णन १९७१ मध्ये झाले. ऐकू येणे हळूहळू कमी होत जाते व ते बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकात किंवा त्यानंतर ध्यानात येते. त्यामुळे लहानपणीची श्रवणचाचणी निर्दोष आली तरी ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.